झाकण बसेना!

दिवाळीची सुट्टी संपवून होस्टेलला परत निघताना घरून जो डबा मिळतो, तो आठवा. आई त्यात लाडू भरते, मग अजून दोन भरते, मग "असू देत गं, मित्रांना होतील" म्हणत आजी आणखी दोन कोंबते. झाकण बसत नाही. तळहाताने दाबायचं, 'टक्' असा आवाज आला की डबा पिशवीत. रूमवर उघडल्यावर वरच्या लाडवांवर झाकणाचा सपाट शिक्का उठलेला असतो. चवीत फरक पडत नाही, त्यामुळे कुणाची तक्रार नसते.

माझ्या रूममेटने हाच प्रयोग इंजिनावर केला. तिथे तो 'टक्' आवाज थांबेचना.

हा गडी मिरजेचा. आम्ही दोघंही ओहायोतल्या एका विद्यापीठात एमएस करत होतो. विद्यार्थी व्हिसावर असाल तर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्या पैशांत भाडं, किराणा, फोनचं बिल भागवायचं आणि उरलेले जपून ठेवायचे, असा शहाण्यांचा शिरस्ता. आमच्या साहेबांनी उरलेल्या पैशांत १९७९ ची शेव्हरोले सी-१० पिकअप घेतली. चाकांवरचा पत्रा गंजून जाळीदार झालेला. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात आणि ते मीठ गाड्यांना खालून कुरतडत राहतं. पण बॉनेट उघडलं की आत ५.७ लिटरचं व्ही-एट. "पत्र्याकडे बघू नकोस, हृदय बघ," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

आपल्याकडे शेव्हरोले म्हटलं की बीट आणि स्पार्क आठवतात, तळेगावचा कारखाना आठवतो. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली आणि विषय संपला. अमेरिकेत मात्र या नावाचा अर्थ वेगळा आहे आणि त्याचं एक मोठं कारण हेच इंजिन. त्याला तिकडे 'स्मॉल ब्लॉक' म्हणतात. १९५५ च्या मॉडेलसाठी ते आलं तेव्हा २६५ घन इंचांचं, म्हणजे साधारण ४.३ लिटरचं होतं. एड कोल तेव्हा शेव्हरोलेचे मुख्य अभियंता होते. पुढे त्याच मुशीतून २८३, ३२७, ३५० घन इंचांची भावंडं निघाली. आमच्या पिकअपमधलं ३५० वालं. पिढ्या बदलत गेल्या, नाव तेच राहिलं आणि २०११ मध्ये जनरल मोटर्सने दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक बनवलं. दहा कोटी! इतकी इंजिनं असली की त्यांच्या सुट्या भागांचं एक आख्खं जग तयार होतं. मूळ कंपनी सोडून इतरांनी बनवलेल्या अशा भागांना आफ्टरमार्केट म्हणतात. कॅमशाफ्ट एकाचा, रॉकर दुसऱ्याचे, झाकणं तिसऱ्याची. प्रत्येकाच्या खोक्यावर 'स्मॉल ब्लॉक शेव्हीसाठी' असं ठळक छापलेलं असतं. ते खरंही असतं. पण तो भाग इंजिनाला बसतो, एवढंच ते खोकं सांगतं. त्याच इंजिनावर बसवलेल्या दुसऱ्या आफ्टरमार्केट भागाशी त्याचं जमेल का, हे कुणीच सांगत नाही.

सोळा सी-सॉ

झाकणाखाली काय चाललेलं असतं, ते आधी बघू. मेकॅनिकलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण व्हायव्हात हमखास विचारतात, तेव्हा वाचाच.

सिलिंडरच्या दोन ओळी इंग्रजी 'व्ही'सारख्या झुकलेल्या आणि त्यांच्या बेचक्यात खाली एकच कॅमशाफ्ट. कॅमचा उंचवटा लिफ्टरला ढकलतो, लिफ्टर पुशरॉड नावाच्या पोकळ सळीला ढकलतो आणि पुशरॉड वर जाऊन रॉकर आर्मचं एक टोक उचलतो. रॉकर आर्म म्हणजे बागेतला सी-सॉ. एक टोक वर गेलं की दुसरं खाली येतं आणि ते खाली येणारं टोक व्हॉल्व्ह उघडतं. आठ सिलिंडर, प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह, एकूण १६ सी-सॉ. त्यांच्यावर सतत तेल उडत असतं. ते आत राहावं आणि धूळ बाहेर राहावी म्हणून प्रत्येक ओळीवर एक झाकण. कॅटलॉगमध्ये त्याला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात, आपल्या गॅरेजमध्ये टॅपेट कव्हर. झाकण आणि हेड यांच्यामध्ये पॅकिंग. कुकरची रिंग करते तेच काम.

घरी जुनी बुलेट असेल तर हा प्रकार तुम्ही पाहिलेला आहे, फक्त सी-सॉ दोनच. कॉलेजच्या बाहा टीममध्ये असाल तर ते एका सिलिंडरचं इंजिनही याच घराण्यातलं, पुशरॉड आणि रॉकरवालं. स्पर्धेच्या नियमांमुळे त्याच्या पोटात काही बदल करता येत नाहीत, ही त्या इंजिनावर परमेश्वराची कृपाच म्हणायची.

तर, स्मॉल ब्लॉकचे मूळ रॉकर हा एक भारी प्रकार आहे. पोलादी पत्रा दाबून केलेली छोटीशी होडी. तिच्या मध्यातून एक खुंटी जाते, त्यावर अर्धगोल टेकू आणि वरून नट. बस्स. स्वस्त, हलका, लाखोंनी बनवता येणारा. पण ताकदीच्या स्प्रिंगा टाकल्या, इंजिन जास्त फिरवलं की पत्रा लवतो, टेकूपाशी घर्षणाने गरम होतो. म्हणून हौशी लोक रोलर रॉकर टाकतात. त्यात टेकूच्या जागी सुईसारख्या बारीक रोलरांचं बेअरिंग असतं आणि व्हॉल्व्हवर टेकणाऱ्या टोकाला छोटं चाक. बहुतेकांचं अंग ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम पोलादाइतकं ताकदवान नाही, त्यामुळे तेवढाच भार पेलायला ते जाड करावं लागतं. म्हणजे होडीच्या जागी आता चांगली धष्टपुष्ट म्हैस बसली. शिवाय साध्या नटाऐवजी उंच नट येतो, ज्याच्या पोटात एक ॲलन स्क्रू असतो. त्याला पॉलीलॉक म्हणतात. सेटिंग हलू नये म्हणून तो फार उपयोगी. फक्त मूळ नटापेक्षा बराच उंच.

आमच्या मित्राने आणखी एक पाऊल पुढे टाकलं होतं. सी-सॉचे दोन हात सारखे नसतात. मूळ रॉकरचं गुणोत्तर १.५, म्हणजे पुशरॉड जेवढा वर जाईल त्याच्या दीडपट व्हॉल्व्ह उघडेल. कॅमचा उंचवटा ०.३०० इंच असेल तर व्हॉल्व्ह ०.४५० इंच, सुमारे ११.४ मिलिमीटर उघडतो. त्याने घेतलेले रॉकर १.६ चे. त्याच कॅमवर व्हॉल्व्ह आता ०.४८० इंच, म्हणजे १२.२ मिलिमीटर उघडणार. कॅम न बदलता जास्त हवा आत. कागदावर झकास. हेडवरच्या दाबून बसवलेल्या खुंट्या वाढीव जोराने उपटून येऊ शकतात, म्हणून हेड मशिन शॉपमध्ये नेऊन आटे पाडून नव्या खुंट्याही बसवून घेतल्या. १.६ च्या रॉकरमध्ये पुशरॉडची वाटी खुंटीच्या जवळ सरकते, त्यामुळे पुशरॉड हेडमधल्या भोकाला घासतोय का, हेही त्याने बॅटरी मारून तपासलं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर तपासलं. स्प्रिंग पूर्ण दबून तिचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, तेही पाहिलं. इतका शहाणा मुलगा! तपासायची एकच गोष्ट राहिली. झाकण.

ते राहणारच ना. झाकण हा काय इंजिनाचा भाग आहे? सगळं झाल्यावर लावायचं आणि हात धुवायचे.

शनिवारची रात्र

रात्री अकराला त्याने जुनं झाकण ठेवलं. ते डुगडुगलं. पॉलीलॉकची डोकी आतून टेकत होती. आता अशा वेळी माणूस काय विचार करतो, ते तुम्ही ओळखलं असेलच. सोमवारी सकाळी कामावर जायचंय, बस त्या रस्त्याला जात नाही, खिशात पैसे नाहीत. त्याने पॅकिंगवर पॅकिंग ठेवलं, मध्ये सिलिकॉन चोपडलं आणि बोल्ट आवळले. घट्ट. मग अजून घट्ट.

झाकण बसलं. गाडी सुरू झाली आणि टिक-टिक-टिक ऐकू यायला लागलं.

"लिफ्टरमध्ये हवा असेल, जाईल," तो म्हणाला. मीही मान डोलावली, कारण मला झोप आली होती.

थोडं गणित करू या. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. गाडी मिनिटाला ६०० फेऱ्यांवर नुसती उभी असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३०० वेळा उघडतो, सेकंदाला पाच वेळा. एक रॉकर जरी झाकणाला लागत असेल तर सेकंदाला पाच ठोके. रस्त्यावर २४०० फेऱ्यांना तेच २० ठोके. इथे एक बारकावा आहे, जो आमच्या दोघांच्याही लक्षात आला नव्हता. पॉलीलॉक जागच्या जागी असतो, तो वर-खाली होत नाही. तो टेकला तर झाकण बसत नाही आणि ते लगेच समजतं. पण रॉकरचं पुशरॉडकडचं टोक व्हॉल्व्ह उघडताना वर उचललं जातं. इंजिन बंद असताना १६ पैकी काहीच टोकं वर असतात. म्हणजे झाकण नीट बसलेलं दिसलं तरी ज्या टोकाने अजून मान वर काढलेलीच नाही, ते उद्या धडकू शकतं. दोन पॅकिंगांनी पॉलीलॉकची सोय झाली. टोकांची झाली नव्हती.

तीन दिवस तो गाडी चालवत होता. चौथ्या दिवशी सिग्नलला थांबल्यावर बॉनेटच्या फटीतून निळसर धूर निघाला. आवळून आवळून झाकणाच्या पत्र्याची कड बोल्टच्या भोकांपाशी खाली गेली होती आणि दोन बोल्टांच्या मधे वर उचलली होती. तिथून तेल पाझरून थेट खालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर. धुराचं आगीत रूपांतर व्हायला फार काही लागत नाही. त्या दिवशी ते झालं नाही, एवढंच.

झाकण काढलं. आत चंद्रकोरीसारख्या तीन चकचकीत खुणा. तीन रॉकरांच्या पाठी घासून पांढऱ्या पडलेल्या. मित्र चुंबक घेऊन तेलात फिरवत बसला. थोडा पोलादी चुरा चिकटला, झाकणाचा. "फार नाही," तो म्हणाला. पण रॉकर ॲल्युमिनियमचे होते आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. खरं उत्तर तेलाच्या फिल्टरमध्ये होतं. फिल्टर कापून त्याचा घडीचा कागद उलगडला, तेव्हा उन्हात चमचम दिसली. वाळूत अभ्रक चमकतं तशी. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. हेच तेल क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमधून फिरत होतं. जवळपास पाच महिन्यांची बचत त्या कागदावर चमकत होती.

तेल बदललं, फिल्टर बदलला, थोडं चालवून पुन्हा बदलला. दुसऱ्या फिल्टरमध्ये चमचम जवळजवळ नव्हती. नशीब.

रंगीत माती

मशिन शॉपचे म्हातारबुवा सगळं ऐकून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मित्राने विचारलं, "रोलर रॉकरवर बसेल असं झाकण आहे का तुमच्याकडे?" ते म्हणाले, "मला आकडा सांग, मग मी झाकण सांगतो." किती उंची हवी? मित्राकडे आकडा नव्हता. त्याच्याकडे कॅटलॉग होता आणि कॅटलॉगमध्ये सगळीकडे एकच वाक्य होतं : बहुतेक रोलर रॉकरांवर बसते. त्या 'बहुतेक'मध्ये आपण आहोत की नाही, हे कळायला गाडीपाशीच जावं लागतं.

आकडा कसा काढायचा, ते त्यांनी सांगितलं. त्यासाठी लागणारं साहित्य शाळेतल्या हस्तकलेच्या तासाचं : रंगीत माती, म्हणजे क्ले. आम्ही ती खेळण्यांच्या दुकानातून आणली. हिरवी मिळाली.

हे तुम्हाला कुठल्याही इंजिनावर करता येईल, म्हणून नीट सांगतो. पोळीच्या कणकेसारखी माती मळून मऊ करायची. पॉलीलॉकच्या डोक्यांवर, रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकांवर आणि अंगाच्या कडांवर तिचे बोटभर जाडीचे गोळे थापायचे. कडांवर का, तर ॲल्युमिनियमचे रॉकर रुंद असतात, ते झाकणाच्या बाजूच्या भिंतीलाही लागू शकतात आणि वरची उंची मोजण्याच्या नादात हे हमखास विसरलं जातं. झाकणाला आतून तेलाचा हात फिरवायचा, म्हणजे माती त्याला चिकटत नाही. पॅकिंग ठेवायचं, जे शेवटी वापरणार तेच. झाकण ठेवून बोल्ट नेहमीच्या जोराने आवळायचे. मग सगळे स्पार्क प्लग काढून, क्रँकशाफ्टच्या पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. सावकाश. दोन पूर्ण फेऱ्या, म्हणजे सोळाच्या सोळा टोकं एकदा वर जाऊन येतात. स्टार्टर मारायचा नाही! मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर जोर न लावता थांबायचं.

मग झाकण अलगद उचलायचं. माती सगळं सांगते. जिथे ती आरपार फाटली तिथे धातूला धातू लागतोय. बाकी ठिकाणी ब्लेडने काप घेऊन सगळ्यात पातळ जागा व्हर्नियरने मोजायची. म्हातारबुवांच्या मते दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर समाधान मानू नये. कारणं दोन. पॅकिंग गरम होऊन, दबून काळाबरोबर बसतं, तेवढं झाकण खाली येतं. आणि हायड्रॉलिक लिफ्टर असतील तर हाताने सावकाश फिरवताना त्यांच्यातलं तेल निसटून ते थोडे दबतात. चालू इंजिनात रॉकर याहून किंचित वर उचलला जातो.

आमच्या जुन्या झाकणाखालची माती सात ठिकाणी फाटली होती. हेडच्या कडेवर स्टीलची पट्टी उभी धरून, एकेक रॉकर पूर्ण वर आणून मोजलं, तेव्हा आकडा मिळाला : साधारण चार मिलिमीटर कमी पडत होते आणि दोन मोकळे सोडायचे. सहा मिलिमीटर, म्हणजे पाव इंच. एवढ्यासाठी हा सगळा लोच्या.

आता शोध. मूळ प्रकारची बैठी झाकणं अडीच-पावणेतीन इंच उंच असतात, उंच प्रकारची साडेतीन इंच आणि वर. आम्हाला पाव इंच हवं होतं, बाजारात पाऊण-एक इंच जास्तीचं मिळत होतं. घेतलं उंच आणि झालं, असं वाटतं ना? पण झाकणाच्या वर आणि बाजूला रिकामी जागा नसते. ड्रायव्हरच्या बाजूला मागे ब्रेकचा बूस्टर असतो, दुसरीकडे एसीच्या कॉम्प्रेसरचे आणि अल्टरनेटरचे ब्रॅकेट. म्हणून विकत घेण्याआधी आम्ही मॅगीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं साडेतीन इंची झाकण कापून चिकटवलं आणि ते इंजिनावर ठेवून पाहिलं. बूस्टरपाशी करंगळी जाईल एवढी जागा राहिली. जमलं.

मधले पर्यायही होते. झाकणाखाली ॲल्युमिनियमचा जाड कडं असलेला स्पेसर मिळतो. पण मग एका झाकणाला दोन पॅकिंग, म्हणजे गळायला दोन जागा. बुटके पॉलीलॉक मिळतात, पण आमची टोकंही लागत होती. मूळ झाकण आतून ग्राइंडरने घासायचा विचार मित्राने बोलून दाखवला, तेव्हा मी त्याला पत्र्याची जाडी दाखवली.

जत्रेसारखा जुन्या सुट्या भागांचा बाजार तिकडे भरतो, त्याला स्वॅप मीट म्हणतात. पुण्याचा जुना बाजार डोळ्यांसमोर आणा, फक्त कुलपं आणि कंदिलांच्या जागी कार्बुरेटर. तिथे एका गाड्यावर ओतीव ॲल्युमिनियमची, आडव्या पन्हाळ्या असलेली, आरशासारखी झाकणं दिसली. मित्र हरखला. उंचीही होती. उलटं करून बघितलं तर बोल्टची भोकं मधल्या रेषेत! १९८७ पासूनच्या हेडना झाकणाच्या मधोमध बोल्ट येतात, त्याआधीच्यांना कडेने. आमची गाडी १९७९ ची. दुसऱ्या गाड्यावर कडेने भोकं असलेली मिळाली, उंचही होती, पण आतून रिकामी. तुम्ही म्हणाल, रिकामी म्हणजे बरंच ना, काही लागायला नको. पण झाकणावर एक व्हॉल्व्ह बसतो, ज्यातून इंजिनाच्या पोटातली वाफ आणि वायू ओढून पुन्हा जाळायला पाठवतात. त्याच्या भोकाखाली पत्र्याचा आडोसा नसेल तर रॉकरवरून उडणारं तेलही ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. हा आडोसा म्हणजे बॅफल. जागा हवी म्हणून लोक नेमका तोच आधी कापून टाकतात, आणि मग महिनाभर पिस्टन रिंगा गेल्या समजून रडत बसतात.

शेवटी दुकानातून नवीन घेतली. पोलादी पत्र्याची, उंच, कडेने भोकं, आत बॅफल. चकाकी नाही, साधा काळा रंग. पुन्हा हिरवी माती, पुन्हा दोन फेऱ्या. बाकी सगळीकडे भरपूर जागा, फक्त एका पॉलीलॉकवर बॅफलची कड अर्ध्या मिलिमीटरवर. बॅफलखाली लाकडी ठोकळा धरून, हातोडीचे हलके चार ठोके देऊन ती कड वाकवली. तिसऱ्यांदा माती. सगळ्यात पातळ काप अडीच मिलिमीटर. बोल्टखाली दाब पसरवणाऱ्या छोट्या पट्ट्या टाकल्या, सिलिकॉन अजिबात नाही, आणि या वेळी तो आवळताना मी शेजारी उभं राहून "बास" म्हणत होतो.

गाडी सुरू केली. मित्राने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरसारखा चेहरा करून आठही रॉकरांवरून फिरला. मग दुसरं झाकण. मग पहिलं पुन्हा. मग त्याने स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. आत नुसती शिवणयंत्रासारखी घरघर, ठोका कुठेच नाही.

आम्ही हात पुसले, कार्बुरेटरवरचं मोठं गोल एअर क्लीनर उचललं आणि जागेवर ठेवलं. ते डुगडुगलं. त्याची खालची कड आता दोन्ही नव्या झाकणांवर टेकत होती.

मित्राने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा एअर क्लीनरकडे. मग खाली वाकून पिशवीतून हिरवी माती काढली आणि मळायला बसला.